साखर न घालता गोड: घरगुती फळपाकाचा आढावा

सांगली जिल्ह्यात गोडाला तोटा नाही. कृष्णा-वारणेच्या काठाने ऊस, तासगाव-मिरज-पलूस-कवठे महांकाळच्या पट्ट्यात द्राक्षबागा, आटपाडी-जतच्या माळावर डाळिंब, मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे आणि शेजारी कोल्हापूरचा गूळ. तरीही सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत पाहुण्यापुढे येणारे सरबत बहुधा पांढऱ्या साखरेच्या पाकातले असते, नाहीतर दुकानातल्या बाटलीतले. द्राक्षाचा रस आटवून त्याचाच पाक बाटलीत भरून ठेवण्याची रीत इकडे नाही. तुर्कस्तान, इराण, ग्रीस, इटली या देशांत ही रीत शेकडो वर्षांची आहे. द्राक्षाच्याच मुलखात ती का रुजली नाही, आता रुजवायची तर घरच्या शेगडीवर ते कितपत जमते आणि ‘नैसर्गिक गोडी’ म्हणून त्याचे जे कौतुक होते ते कितपत खरे, या तिन्ही गोष्टी एकदा नीट तपासायला हव्यात. हल्ली ‘शुगर फ्री’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतके सर्रास वापरले जातात की त्यामुळेही ही तपासणी गरजेची झाली आहे.

रीत न रुजण्याचे कारण ऊस. जिथे ऊस पिकत नव्हता तिथे लोकांनी गोडीसाठी द्राक्ष, खजूर, अंजीर, तुती आटवली. तुर्की पेकमेझ, अरबी दिब्स, इराणी शिरे, ग्रीक पेतिमेझी ही सगळी त्याच गरजेची अपत्ये. आपल्याकडे उसाची काहील पेटलेली असताना द्राक्ष आटवायची गरज कुणाला पडणार? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, खांड, शर्करा अशी उसाच्या पदार्थांची उतरंडच दिली आहे. फाणित म्हणजे आपल्या काकवीचे जुने रूप. त्याच ठिकाणी मधु या सदरात मधमाशीच्या मधाबरोबर द्राक्षाचाही उल्लेख आहे, म्हणजे ही कल्पना भारतीयांना अनोळखी नव्हती. पण काकवी स्वस्त होती आणि द्राक्ष महाग.

द्राक्ष स्वस्त झाले ते अलीकडे. थॉमसन सीडलेस ही अमेरिकेत नावारूपाला आलेली बिनबियांची जात महाराष्ट्रात पसरली आणि तिच्यातूनच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात जिल्हाभर लागली. मग जादा मालाचे काय करायचे हा प्रश्न आला. त्याचे पहिले उत्तर बेदाणा. तासगाव-सांगलीची बाजारपेठ त्यासाठी देशभर ओळखली जाते आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरे उत्तर वाइन. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आखले गेले. रसाचा मार्ग मात्र संशोधन संस्थांपुरताच राहिला. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ आणि पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने ‘एआरआय-५१६’ या जाती रसासाठी म्हणून काढल्या, पण हातगाडीवर त्या मिळत नाहीत. घरी करणाऱ्याला खायच्या द्राक्षावरच भागवावे लागते.

बाटलीतले सिरप कसे असते, हेही आधी पाहू. महाराष्ट्राला ‘सिरप’ आणि ‘क्रश’ हे शब्द शिकवले पाचगणी-महाबळेश्वरच्या कारखान्यांनी. किशोर व्होरा यांनी १९५९ साली पाचगणीत मॅप्रो सुरू केली, आणि पुढे स्ट्रॉबेरी म्हटले की लाल बाटली डोळ्यांपुढे यावी इतका हा व्यवसाय फोफावला. त्यात लपवाछपवी काही नाही, कायदाच तसा आहे. फळांच्या सिरपमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ६५ टक्के विद्राव्य घटक, क्रशमध्ये २५ आणि ५५, स्क्वॅशमध्ये २५ आणि ४० अशी आपल्याकडची मानके आहेत. याचा हिशेब मांडून बघा. स्ट्रॉबेरीच्या रसात स्वतःचे विद्राव्य घटक ८ टक्क्यांच्या आसपास. शंभर ग्रॅम सिरपमध्ये रस २५ ग्रॅम धरला तर स्ट्रॉबेरीने आणलेली गोडी दोन ग्रॅम. उरलेले त्रेसष्ट ग्रॅम बाहेरून आले. म्हणजे आपण साखरेचे सरबत पितो, स्ट्रॉबेरी त्यात वासापुरती. घरी करणाऱ्याने निदान हे प्रमाण उलटे करावे, एवढीच माफक अपेक्षा ठेवून पुढे जाऊ.

विद्राव्य घटक मोजायचे एकक म्हणजे ब्रिक्स. सांगलीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोणत्याही बागायतदाराच्या खिशात ब्रिक्स मीटर असतो, आणि ‘गोडी किती भरली?’ या प्रश्नाला तो आकड्यात उत्तर देतो. खायचे द्राक्ष १६ ते २० ब्रिक्सचे, बेदाण्याला ठेवलेले २२ च्या पुढचे. भगवा डाळिंब १५ च्या आसपास. स्ट्रॉबेरी ७ ते १०. जांभूळ मधल्यामध्ये, आणि वर तुरट. लिंबू आणि कोकमात गोडी नावालाच, बाकी सगळे आम्ल. या एका मापाने फळांच्या दोन जाती पडतात: स्वतःच्या गोडीवर पाक होणारी आणि दुसऱ्याची गोडी उसनी घ्यावी लागणारी. घरगुती प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा इथेच. स्ट्रॉबेरीचा रस आटवून पाक करायला गेले तर एक किलो रसातून जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम माल निघतो, तोपर्यंत वास उडून गेलेला असतो, रंग विटकरी होतो आणि आंबटपणा दात आंबवतो. तिच्या वाट्याला जाऊ नये.

आंबा, चिकू आणि केळे ही तिसरी गंमत. गोडी भरपूर, पण तंतू आणि पेक्टिन इतके की रस आटला की पाक न होता गर होतो. आमरस आटवत आणि वाळवत नेला की आंबापोळी होते, आणि ती उत्तमच असते. पण ती बाटलीत भरता येत नाही.

राहता राहिले द्राक्ष. खरड छाटणीच्या आधीचे, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचे, गोडी पूर्ण भरलेले द्राक्ष घ्यावे. तेव्हा भाव उतरलेला असतो आणि घडातून सुटलेले मणी तर निम्म्या दरात मिळतात. सुटे मणी चालतात, पण फुटलेले, आंबूस वासाचे, काळी भुकटी धरलेले चालत नाहीत. थॉमसन किंवा तास-ए-गणेशच्या हिरव्या मण्यांचा पाक मधाच्या रंगाचा होतो. ‘शरद’सारख्या काळ्या जातीचा गडद, जांभळट-तपकिरी आणि चवीला भारी होतो. मला काळा पसंत आहे. धुण्याचे काम मन लावून करावे. बागेत वर्षभर फवारण्या होतात आणि आटवताना पाणी उडते, इतर बरेच काही उडत नाही. दोन-तीन पाण्यांतून चोळून धुतल्याशिवाय पातेल्यात टाकू नये. ओळखीची, औषधाचा काळजीपूर्वक वापर करणारी बाग असेल तर तिथूनच आणावे. सांगलीकराला अशी ओळख काढणे कठीण नाही.

मणी मिक्सरमधून काढण्याचा मोह होतो. बिनबियांच्या जातीला फारसे बिघडत नाही, पण रस गढूळ होतो आणि गाळायला जीव जातो. त्यापेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर मणी फुटेपर्यंत वाफवावेत, पळीने दाबावेत आणि सुती फडक्यातून गाळावेत. चोथा फार पिळू नये. मग एक गोष्ट करावी जी बहुतेक जण करत नाहीत: रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते, आणि थंडाव्यात त्याचे क्षार खड्यांच्या रूपाने तळाशी बसतात. सकाळी वरची निवळ अलगद ओतून घ्यावी, साका टाकून द्यावा. हे न केल्यास पाकात पुढे वाळूसारखी कचकच लागते आणि लोकांना वाटते की साखर धरली.

आता आटवणे. गुऱ्हाळातली काहील उथळ आणि रुंद असते, कारण पाणी पृष्ठभागावरून उडते. घरीही उंच डब्यापेक्षा पसरट पातेले घ्यावे. सुरुवातीला आच मोठी ठेवावी आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहावी. निम्म्याच्या खाली आल्यावर आच मंद करावी आणि पातेल्यापासून हलू नये. शेवटच्या दहा मिनिटांत पाक करपतो आणि मग त्याला जळकट कडूपणा येतो, तो कशानेही जात नाही.

झाला हे कसे ओळखायचे? साखरेच्या पाकाची सवय असलेला हात तार बघतो. इथे तार फसवते. साखरेच्या पाकात सुक्रोज असते, द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मे-निम्मे. या दोन साखरांचा पाक पुरेसा आटला तरी तार नीट धरत नाही आणि तारेची वाट बघत बसलेला पाक पुढे जातो. थंड झाल्यावर तो मधासारखा दाणा धरतो, नाहीतर चिकी होतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग वजनाचा. रिकामे पातेले आधी तोलून ठेवावे. रस १८ ब्रिक्सचा असेल तर एक किलो रसाचा २६० ग्रॅम पाक राहिला की तो ७० ब्रिक्सचा झाला. फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवायचा असेल तर ३३० ग्रॅमवरच थांबावे, म्हणजे ५५ ब्रिक्स. त्याला फळाचा वास जास्त राहतो. ब्रिक्स मीटर मिळाला तर थेंब थंड करून मग बघावा, गरम थेंबाचा आकडा खोटा असतो. गॅसचा धसका घेणाऱ्यांसाठी: हिशेबाने पाच किलो रस आटवायला साधारण अर्धा किलो गॅस लागतो. वेळ मात्र दोन तासांपेक्षा कमी नाही.

रस चौपट आटला की आम्लही चौपट दाट होते. म्हणून द्राक्षाचा पाक नुसता गोड नसतो, चांगला आंबटगोड असतो. तुर्कस्तानात रसात एक पांढरी, चुनखडीची माती टाकून आंबटपणा मारतात; चुन्याने आम्ल बांधले जाऊन खाली बसते. आपल्या गुऱ्हाळातही रस साफ करायला चुना आणि भेंडीचा चीक वापरतात, तेव्हा ही युक्ती आपल्याला परकी नाही. पण घरी हे करू नये असे माझे मत आहे. चुना जरा जास्त झाला की पाकाला राखेची चव येते, रंग मरतो, आणि सरबतासाठी तर तो आंबटपणा हवाच असतो. लिंबू पिळायचे वाचते.

भांड्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्राचीन रोमनांनी द्राक्षाचा रस आटवून सापा आणि डेफ्रुटम नावाचे पाक केले आणि ते शिशाच्या भांड्यांत उकळणे चांगले असे त्यांचे लेखक लिहून गेले. आंबट रसात शिसे विरघळते, त्याचे क्षार गोडही लागतात, आणि ते विष असते. आपल्याकडे कुणी शिशाचे पातेले वापरत नाही, पण कल्हई उडालेले पितळी पातेले माळ्यावरून काढून ‘पारंपरिक’ म्हणून वापरणारे उत्साही लोक आहेत, आणि अॅल्युमिनियमच्या टोपात चिंच-कोकम शिजवणारेही. फळाचा रस आटवायला जाड बुडाचे स्टीलचे भांडे, हाच नियम. पितळ वापरायचेच तर कल्हई नवी हवी.

इथपर्यंत वाचून ज्यांना हा उद्योग जड वाटला, त्यांच्यासाठी सांगलीच्याच बाजारात सोपा मार्ग आहे, आणि माझ्या मते या सगळ्या आढाव्यात तोच सर्वांत कामाचा. द्राक्ष आटवण्याचे काम सूर्याने आणि वाऱ्याने आधीच करून ठेवले आहे. त्याला आपण बेदाणा म्हणतो. चार किलोंच्या आसपास द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि त्यात वजनाच्या दोन तृतीयांशाइतकी साखर असते. तो वर्षभर मिळतो. पाव किलो बेदाणा कोमट पाण्यात दोनदा धुवून, अर्धा लिटर गरम पाण्यात पाच-सहा तास भिजवावा, त्याच पाण्यासकट मिक्सरमधून जाडसर काढावा, पाच मिनिटे उकळावा आणि फडक्यातून गाळावा. चोथ्यावर पुन्हा एक वाटी गरम पाणी घालून दुसरा हात गाळावा, कारण पहिल्या गाळणीत बरीच गोडी चोथ्यातच राहते. दोन्ही पाणी एकत्र करून वीसेक मिनिटे आटवले की दाट, तपकिरी, अंजिरासारख्या चवीचा पाक तयार. दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर निघतो. उरलेला चोथा टाकायचा नाही. थालीपिठात किंवा चटणीत तो खपतो.

कोणता बेदाणा घ्यायचा, हे महत्त्वाचे. द्राक्षे शेडमधल्या रॅकवर टाकण्याआधी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, त्याने सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि वाळण्याचे दिवस कमी होतात. पिवळाधमक रंग यावा म्हणून पुढे गंधकाची धुरीही देतात. हिरवा-पिवळा चमकदार माल दिवाळीच्या डब्यात शोभतो. पाकासाठी मात्र काळा किंवा धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा घ्यावा. तो स्वस्त असतो, पाकाला रंगही चांगला देतो, आणि गंधकाचा वास व दम्याच्या रुग्णांना होऊ शकणारा त्रास दोन्ही टळतात. दुकानदाराला ‘पाकासाठी’ म्हटले तर तो चकित होतो. ‘बारीक माल, चवीला गोड, रंग कसाही’ असे सांगावे.

खजुराचा पाक याच पद्धतीने होतो आणि जास्त सोपा, कारण खजूर लवकर विरघळतो. इराक आणि आखाती देशांत तो घरोघरी असतो. त्यात एक उणीव आहे: आंबटपणा जवळजवळ नाही. त्यामुळे चवीला एकसुरी आणि टिकायला कमी. त्यात लिंबाचा रस घातल्याशिवाय ठेवू नये.

डाळिंबाबद्दल थोडक्यात. आटपाडी-जतकडचा भगवा गोड आणि कमी आंबट. इराणी-तुर्की पद्धतीचा झणझणीत आंबट डाळिंबपाक त्यातून निघत नाही. सौम्य गोड निघतो, आणि दाण्यांबरोबर पांढरा पापुद्रा चिरडला गेला तर कडूही. दाणे हाताने सोडवून, पिशवीत घालून लाटण्याने हलके दाबावेत. भाव बघता मी ते दाणे तसेच खाईन.

आता उसन्या गोडीचा भाग: लिंबू, कोकम, कैरी, आवळा, स्ट्रॉबेरी, करवंद. इथे मराठी स्वयंपाकघर अजिबात नवशिके नाही. गुळाचे पन्हे, गुळांबा, चिंचगुळाचे सार ही सगळी आंबट फळाला गुळाची जोड देण्याचीच उदाहरणे. कैरीला गूळ शोभतो, कारण दोघांची चव ठसठशीत. लिंबाला आणि स्ट्रॉबेरीला गूळ मारून टाकतो. सरबत काढ्यासारखे लागते. कोकणात अमृत कोकम करताना ताज्या कोकमाच्या सालींत साखर भरून बरण्या उन्हात ठेवतात आणि साखर सालीतला रस ओढून घेते, शेगडी पेटवावीच लागत नाही. तिथे साखरेऐवजी किसलेला गूळ घालून बघितला तर पाक होतो, पण कोकमाचा तो लाल रंग हरवतो. काकवी याहून बरी, विशेषतः आवळ्याबरोबर. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर हंगामात ती मिळते. गूळ होण्यापूर्वी, काहिलीतला पाक १०५-१०६ अंशांवर असताना ती काढतात.

मधाचे वकीलही पुष्कळ. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तेव्हा चांगला मध आपल्याला लांबून आणावा लागत नाही. पण मध घालून पाक उकळणे म्हणजे महागाच्या वासाची वाफ करणे. लिंबाचा किंवा स्ट्रॉबेरीचा रस गाळून थंड झाल्यावर त्यात मध कालवावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे काहीही देऊ नये, सरबतही नाही.

या सगळ्यांत मला सरस वाटलेली जोडी म्हणजे काळ्या बेदाण्याचा पाक आणि कोकम. कोकमाच्या सालींचा दाट कोळ, त्याच्या दुप्पट बेदाणापाक, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंगाची तडजोड होत नाही, कारण दोघेही गडद. लिंबासाठी हिरव्या द्राक्षाचा फिका पाक घ्यावा. स्ट्रॉबेरी वाफवून तिचा रस आटवण्याऐवजी तयार द्राक्षपाकात शेवटच्या पाच मिनिटांना घालावी, वास टिकतो. न शिजवता दाट करायची एक युक्तीही आहे: रस बाटलीत गोठवायचा, मग बाटली उलटी करून गाळणीवर ठेवायची आणि पहिला वितळलेला एक तृतीयांश भाग तेवढा घ्यायचा. गोडी आणि वास आधी उतरतात, बर्फ मागे राहतो. जांभळाला ही पद्धत फार चांगली लागू पडते.

टिकवणे हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. साखरेच्या पाकावर वाढलेल्या पिढीला वाटते की गोड आहे म्हणजे टिकणार. टिकवते ती गोडी नव्हे, दाटपणा आणि आंबटपणा. ६५ ते ७० ब्रिक्सच्या वर, आंबट फळाचा, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या केलेल्या बाटलीत गरमच भरलेला पाक काही महिने राहतो. उघडल्यावर तोही फ्रिजमध्येच. त्याखालचा प्रत्येक पाक फ्रिजचा. ५५ ब्रिक्सचा महिनाभर, बेदाण्याचा सैल पाक दोन आठवडे, खजुराचा त्याहून कमी. सांगलीच्या एप्रिलमध्ये बाहेर राहिलेला सैल पाक दोन दिवसांत फसफसतो. काचेची बाटली घट्ट बंद असेल तर ती फुटूही शकते. बुरशीचा एक ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचा वापरायचा नाही, सगळा टाकायचा. थोडा करावा, बाटलीवर तारीख लिहावी.

शेवटचा मुद्दा प्रकृतीचा, आणि इथे ‘नैसर्गिक गोडी’च्या भक्तांशी माझे जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘मोकळ्या साखरे’च्या व्याख्येत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक, फळांचा रस आणि रसाचे अर्क यांनाही धरले आहे. ही सगळी मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. ७० ब्रिक्सच्या द्राक्षपाकाचे दोन मोठे चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम, एका पेल्यात गेले की अठ्ठावीस ग्रॅम साखर पोटात गेली. अख्ख्या दिवसाचा वाटा एका पेल्यात संपला, आणि त्यात पांढऱ्या साखरेचा एक कणही नव्हता. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसारही साखरेच्या जागी दाट फळरस किंवा सुक्या फळाचा लगदा घातला असेल तर ‘साखर न घातलेले’ असा दावा करता येत नाही. आपल्याकडेही जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अर्कात पाणी घालून केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. घरी करून ओळखीत विकणाऱ्या महिलांनी हे ध्यानात ठेवावे. नोंदणी तर लागतेच, पण बाटलीवर ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिणे हा सरळ सरळ धोका आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. त्यांच्यासाठी द्राक्षाचा पाक आणि साखरेचा पाक यांत सांगण्यासारखा फरक नाही. गुळातल्या लोहाचा आणि काकवीतल्या खनिजांचा महिमाही चमच्याच्या मापात फारसा उरत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? चवीसाठी. बाटलीतल्या शंभर ग्रॅम सिरपमध्ये फळाची गोडी दोन ग्रॅम, इथे सगळीच फळाची. शिवाय हा पाक आंबटगोड असल्याने कमी लागतो. एक चमचा, म्हणजे वीस ग्रॅम, गार पाण्याच्या पेल्याला पुरतो. त्यात साखर चौदा ग्रॅम. पाहुण्याला एवढे पुरेसे आहे, रोज पिण्याचे ते पेय नव्हे.

माझी क्रमवारी अशी: वर्षभरासाठी काळ्या बेदाण्याचा पाक, हंगामात एकदा काळ्या द्राक्षाचा, कैरीला गूळ, आवळ्याला काकवी, स्ट्रॉबेरीला मध, आणि डाळिंब तसेच खावे. पहिल्यांदा करणाऱ्याने मार्चअखेर दोन किलोंपेक्षा जास्त द्राक्षे आणू नयेत. त्यांचा सव्वा किलोच्या वर रस निघतो, सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम पाक होतो, आणि पेल्याला एक चमचा धरला तर सोळा-सतरा पेले सरबत.